पाचवीचा दिवा

पहिल्या बाळंतपणाला मी बाभुळगावजवळच्या माहेरी आले होते. मुलगी झाली, सगळं सुखरूप पार पडलं, आणि मग माझं डोकं दुखू लागलं. मायनं निदान केलं, "वारा शिरला, बाई." तिनं कानावरून फडकं आवळून बांधलं आणि पाणी आणखी कमी केलं. पाण्यानं बाळंतिणीचं पोट सुटतं, यावर तिची देवाइतकीच श्रद्धा. मी मनातून सटवाईवर रुसले होते. इतकी हाक मारली तिला, आणि हे कसलं देणं? पण सोसणं म्हणजेच भक्ती असं लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून डोकं फुटायची वेळ आली तरी गप्प पडून राहिले. शेगडीवरच्या ओव्याचा धूर खोलीत तरंगायचा आणि लेकीचं रडणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं वाटायचं.

पाचवीच्या संध्याकाळी मायनं पाटावर सटवाई मांडली. लेकीचं नशीब लिहायला देवी येणार, म्हणून कोरा कागद आणि पेनही ठेवलं. मी हात जोडले. दिव्याची ज्योत हलली आणि तिच्या शेजारी दुसरी उगवली. दोन्ही इतक्या शांत तेवत होत्या की मला वाटलं, देवी आलीच.

"माय, दोन दिवे काहून लावले?"

मायच्या हातातलं ताट थांबलं. "एकच तं आहे, बाई."

मग तिनं जे केलं ते आमच्या घरात आजवर कोणी केलं नव्हतं. पूजा अर्धी सोडली, माझ्या डोक्याचं फडकं सोडलं, आणि जिनं सव्वा महिना उंबरा ओलांडू नये अशा बाळंतिणीला लेकीसकट शेजाऱ्यांच्या गाडीत घालून यवतमाळला नेलं. वाटेभर ती पुटपुटत होती, "सटवाई, माह्यावर राग काढजो, पोरीवर नको."

मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. बाळंतपणानंतर असं होऊ शकतं, अंगात पाणी कमी पडलं तर धोका वाढतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "वेळेत आणलंत," म्हणाल्या. माय भिंतीकडे तोंड करून रडली.

मी बरी होऊन घरी आल्यावर मायनं अर्धी राहिलेली पूजा पुन्हा मांडली. दिवा लावून भीतभीत विचारलं, "किती दिसून राह्यले?"

"एकच."

देवीनं त्या कागदावर काय लिहिलं, मला ठाऊक नाही. तिच्या हाती स्वतःला सोपवायचं तर आधी दुखतंय म्हणून सांगावं लागतं, एवढं मला कळलं. माझे हात जोडलेलेच होते. मायनं नैवेद्याच्या आधी तांब्याभर पाणी माझ्यासमोर ठेवलं.

"पी," म्हणाली, "सगळं पी."