वायर कापलेला भोंगा

आधीच सांगते, मी फिजिक्स शिकवते. इंदूरला, विजय नगरच्या एका कोचिंगमध्ये. भूतबित मानणाऱ्यांची मी आजवर भरपूर टर उडवली आहे. तेव्हा तुम्ही विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. हसायचं तर हसा, फक्त पूर्ण वाचून हसा.

माझी मोठी बहीण शैलाताई सांवेरच्या पुढे एका लहानशा गावात राहते. तिथलं सगळं केमिकल फॅक्टरीच्या एकाच भोंग्यावर चालायचं, जेवणाची सुट्टी असो की धोक्याचा इशारा. जेवणाच्या सुट्टीत माणसं घरी येत आणि त्यांना पोळी तव्यावरचीच लागे. म्हणून दुपारचा भोंगा झाला की घरोघरी तवे चढायचे.

मागच्या वर्षी फॅक्टरीत गॅस गळला. भाऊजी शिफ्ट इन्चार्ज होते. ते गेले, त्यांच्या हाताखालची माणसंही गेली... हातपंपाच्या पाण्याला अजून वास येतो.

कंपनीचं म्हणणं असं की धोक्याचा भोंगा वाजला होता, पण शिफ्ट इन्चार्जने माणसांना बाहेर पडू दिलं नाही. मेलेल्या माणसावर खापर फोडून मोकळे! गाव ओरडून सांगत होतं, भोंगा वाजलाच नाही. गावाचं ऐकतो कोण? ताईला दुसरं काही नको होतं, भाऊजींवरचा हा डाग तेवढा जायला हवा होता.

चौकशीची सुनावणी फॅक्टरीच्याच आवारात ठेवली, भर दुपारी, मांडव घालून. मी ताईबरोबर गेले. भोंगा छपरावरून उतरवून भिंतीशी ठेवला होता. वायरी कापलेल्या, फॅक्टरीची वीज केव्हाच तोडलेली. मी स्वतः वाकून पाहिलं... सवय आहे मला.

कंपनीचा साहेब बोलायला उठला. "सायरन तो बजा था जी. शिफ्ट इन्चार्ज ने ही किसी को निकलने नहीं दिया..."

आणि भोंगा वाजला.

कसा, ते विचारू नका. छातीत घुमत होता. साहेब खुर्ची पाडून गेटकडे पळत सुटला, मागोमाग त्याचा वकील. आणि ताई पदर खोचत उठली. "अगं, तवा टाकायचा राहिला!" म्हणाली... मग भानावर आली. मांडवातल्या कितीतरी बायका तशाच अर्धवट उठल्या होत्या. मला रडूच फुटलं.

आवाज थांबला. ताई नाही रडली. गेटपाशी धापा टाकणाऱ्या साहेबाला ती मांडवातूनच ओरडली, "सुना, साबजी? ऐसा बजता है! उस दिन बजता, तो हमारे आदमी भी ऐसे ही भागते. अब मेरे आदमी का नाम मत लेना!"

शेजारचे रमेशभिया उठून तिच्यामागे उभे राहिले. मग सगळा मांडवच उठला.

त्या दुपारचा मोबाईलवरचा व्हिडिओ आहे. त्यात लोक कानांवर हात ठेवताना दिसतात, साहेब पळताना दिसतो. खुर्ची पडल्याचा आवाजसुद्धा येतो. भोंगा मात्र कुठेच नाही. बॅटरी, जवळपासची दुसरी फॅक्टरी, सगळं धुंडाळून झालं. माझं फिजिक्स तिथे संपतं, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आता कंपनी म्हणते, त्या दुपारी भोंगा वाजलाच नाही, गावाला भास झाला.

बरं, नाही वाजला. पुढच्या सुनावणीत ताई एवढंच विचारणार आहे, "मग साहेब पळाले कशाला?"