दुसऱ्या अंकाचं कुंकू

फोन आला तेव्हा मी बारामतीत तालमीला होते, आणि प्रवेशही नेमका नवरा गेल्यानंतरचा होता. कोऱ्हाळ्याहून धाकटे दीर बोलत होते, "वहिनी, दादा उसाला पाणी देता देता बांधावर बसलं... ते उठलंच न्हायत." मी पदर धरून तशीच उभी राहिले. समोरच्या नटाला वाटलं, मी वाक्य विसरले.

विलासराव, माझे यजमान, शेती करायचे आणि आमच्या हौशी संस्थेची रंगभूषाही. हे नाटक घेतलं तेव्हा घरात महाभारत झालं. पहिल्या अंकात मी सवाष्ण, दुसऱ्यात विधवा. रंगमंचावर खून चालतो, दारू चालते, परक्याच्या गळ्यात पडलेलंही हल्ली लोक गोड मानून घेतात; पण नवरा जिवंत असताना बाईनं कुंकू पुसलेलं चालत नाही. सासूबाई जेवेनात. हे म्हणाले, "आई, माझा जीव काय त्या कुंकवात ठिवलाय व्हय?" बोलायला सोपं होतं. पहिल्या प्रयोगाला विंगेत माझाच हात कपाळाकडे जाईना. तेव्हा यांनी पुढं होऊन अंगठ्यानं ते पुसलं. "मी हाय की हितं. जा आता." मग दर प्रयोगाला तेच. मी डोळे मिटून कपाळ पुढं करायचे, ते पुसायचे.

दहाव्याला बायकांनी खरोखरचं पुसलं. चुलत सासूबाई हळूच म्हणाल्या, "दर खेळाला पुसत व्हतीस न्हवं? ऐकलं देवानं." खुळचट बोलणं, कळतं मला. तरी ते घरात फिरत राहिलं... भाकरी थापताना, अंगण झाडताना, कुणी मागं उभं असल्यासारखं. भूमिका सोडली तर त्यांचंच खरं ठरणार, आणि केली तर... मी घाबरले होते, सरळच सांगते.

गेल्या आठवड्यात इंदापूरला प्रयोग होता. गेले. आता पंचाईत उलटी! पहिल्या अंकासाठी विधवेच्या कपाळी कुंकू लावणार कोण? बरोबरच्या पोरी उगाच पिना शोधत बसल्या. शेवटी मीच लावलं, आणि आरशात विलासरावांची बायको दिसल्यावर रडले. दुसऱ्या अंकाची घंटा झाली. विंगेतल्या अंधारात मी सवयीनं डोळे मिटले, कपाळ पुढं केलं आणि थांबले... पडदा सरकला, तशीच प्रकाशात गेले.

पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "आगं, हिचं कुकू पुसायचं ऱ्हायलं की!"

मी ऐकलं. हात कपाळाकडे नेला नाही. प्रयोग पूर्ण केला.