सव्वीस चाकांचे गांगुर्डेभाऊ

गांगुर्डेभाऊंचे मी आधी पाय पाहिले, चेहरा नंतर.

मी नाशिकच्या जेलरोडवरून भाजी घेऊन घरी येत होते. वळणावर एक लांबलचक ट्रेलर बिघडून उभा होता आणि त्याच्या मागच्या चाकांच्या आडून दोन पाय बाहेर आलेले. पायांत कॅनव्हासचे बूट, हालचाल काही नाही. माझ्या हातातली पिशवीच सुटली. "अहो, कुणीतरी चाकाखाली आलंय!" म्हणून मी ओरडले. ट्रेलरचा ड्रायव्हर शेजारच्या टपरीवर चहा पीत होता. तो जागचा हलला नाही. म्हणाला, "काही नाही मॅडम, बाबा माप घेताहेत. अर्धा तास झाला."

तेवढ्यात पाय हलले आणि सत्तरी ओलांडलेला एक सडपातळ माणूस सरपटत बाहेर आला. हातात टेप, कानावर पेन्सिल, कपाळाला ग्रीस. "काय नाय झालं ताई. एक्सल मोजत व्हतो." मग परत खाली वाकून त्यांनी माझे घरंगळलेले टोमॅटो एकेक करून काढले, रुमालाने पुसले आणि पिशवीत ठेवले.

"एक्सल? कशासाठी?"

"घरी एक करायचाय," ते म्हणाले. एखादी बाई शेजारणीकडून लोणच्याचं प्रमाण विचारून घेते, तितक्या सहज.

ते आमच्याच कॉलनीत, मागच्या इमारतीत राहत होते हे मला त्या दिवशी कळलं. गाव सिन्नरकडचं. विशीच्या आत फौजेत भरती झाले आणि सगळी नोकरी ड्रायव्हर म्हणून काढली. तीही साध्या ट्रकवर नाही. रणगाडे, बुलडोझर असली अवजड यंत्रं वाहून नेणाऱ्या ट्रेलरवर. निवृत्त झाल्यावर काही वर्षं एका शाळेची बस चालवली, आणि डोळ्यांनी तक्रार सुरू केल्यावर स्वतःहून किल्ली परत दिली. तेव्हापासून ते घरी बसून फौजेच्या गाड्या बनवत होते. फुटाला अर्धा इंच, हे त्यांचं माप. म्हणजे चाळीस फुटी ट्रेलर वीस इंचांचा, आणि पुढे ओढणारा ट्रक बारा-तेरा इंचांचा. चाकं मोजून सव्वीस.

मी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं रेघा मारल्या. निवृत्तीनंतर माझ्या हातांना काम नव्हतं आणि नजरेला खोड होती, चुका शोधायची. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा दिवाणावर एक ट्रेलर ठेवलेला होता. त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, म्हणाल्या, "बसा, पण खुर्चीवर. दिवाणावर आमच्या घरात माणसं बसत नाहीत." मी ट्रेलरच्या पातळीला डोळा लावला आणि मला लगेच दिसलं. मधला पाटा सरळ नव्हता, किंचित वर उचललेला होता.

"भाऊ, हा वाकलाय."

ते आत गेले, स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि ट्रेलरवर मधोमध ठेवला. पाटा हळूच खाली बसला. मी पुन्हा डोळा लावला. आता सुतात होता.

"सरळ बनवला असता तर वजनानं खाली झोल आला असता," ते म्हणाले. "खरा बी असाच असतोय. रिकामा बगितला की नवीन साहेब लोक पण म्हणायचे, गांगुर्डे, ये टेढा क्यूँ है."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा जाऊ लागले.

त्यांच्या गाड्यांत दुकानातून आणलेलं फारसं काही नसे. तेलाच्या डब्याचा पत्रा, मोडक्या छत्रीच्या काड्या, सायकलच्या तारा, जुन्या स्लिपरांचं रबर कापून केलेले टायर. ताडपत्रीचं कापड सुमनवहिनींच्या शिवणाच्या पेटीतून. भाच्याने एकदा मोठ्या हौसेने परदेशी खोका आणून दिला होता, आत फौजी ट्रकचे सगळे तयार भाग, नुसते चिकटवायचे. भाऊंनी तो चार दिवसांत जोडला, नीट रंगवला आणि भाच्यालाच परत दिला. "झ्याक हाय. पण दुसऱ्यानं चावून दिलेला घास हाय तो."

गाडी दाखवायची झाली की ते ती आधी उलटी करत. "गाडी खालून वाचायची असते, ताई. वरून काय, रंगच दिसतो." आणि खाली खरोखरच सगळं असे. ब्रेकच्या नळ्या, स्प्रिंगचे पाटे, हवेच्या टाक्या, टाकीचं पाणी काढायची बारीक चावीसुद्धा. मी एकदा विचारलं, हे कोण बघणार? तर म्हणाले, "मी झोपलोय ना त्याच्याखाली. उन्हात सावली तिथंच असायची."

त्यांच्याकडे आराखडा म्हणून काही नव्हता, सगळं डोक्यात. मी म्हटलं, मी काढून देते. मग ते सांगत आणि मी काढत असे. आमची भांडणंही होत. मी म्हणायची, ही दोन मापं जुळत नाहीत. ते डोळे मिटून, खुर्चीत बसल्या बसल्या उजवा हात पुढे करून, नसलेलं स्टिअरिंग फिरवून बघत आणि म्हणत, "कोपर दाराला लागायचं नाय. दोन इंच वाढवा." मी वाढवायची. मापं जुळायची.

एके दिवशी मी गेले तेव्हा ते फोन हातात धरून नुसते बसले होते. माजी सैनिकांच्या कुठल्याशा ग्रुपवरून नंबर मिळवून पंजाबातून एका बाईचा फोन आला होता. नाव हरप्रीत, एका शाळेत शिक्षिका. जगतारसिंगची मुलगी.

जगतारसिंग हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. तो आणि भाऊ सहा वर्षं एकाच ट्रेलरवर होते, दोघेही ड्रायव्हर. चाळीसेक वर्षांपूर्वी डोंगरातल्या रस्त्यावर दरड कोसळली, त्यात जगतार गेला. हरप्रीत तेव्हा दोन वर्षांची होती. तिच्याकडे वडिलांचा एकच फोटो होता. जगतार एका गाडीच्या दाराला टेकून उभा आहे, आणि गाडीचं फक्त ते दार दिसतंय.

"ती विचारती, पापा कोणती गाडी चालवायचे," भाऊ म्हणाले. "घरात सगळे नुसतं 'बडी गड्डी, बडी गड्डी' म्हणायचे म्हणे. केवढी बडी, ते कुणालाच म्हाईत नाय."

"मग काय सांगितलंत?"

"बनवून देतो म्हणालो."

पुढचे पाच महिने त्या घरात दुसरं काही झालं नाही. ही कुठलीही गाडी नव्हती, तीच गाडी होती. पुढच्या बंपरला कुठे पोचा होता, कुठल्या दिव्याची जाळी तारेने बांधली होती, सगळं तसंच. जगतारच्या आईने त्याला सीटवर घ्यायला एक भरतकामाची उशी दिली होती. भाऊंनी रंग सांगितले आणि सुमनवहिनींनी नखाएवढ्या उशीवर भिंगातून बघत बघत केशरी टाके घातले. दारं ते नेहमी बंदच करत, पण या गाडीचं डावीकडचं दार उघडणारं केलं. बिजागरी टाचणीची होती.

त्या दाराखाली चढायची पायरी लावायची तेवढी राहिली आणि काम थांबलं. एक आठवडा गेला, दोन गेले. पायरी तयार होती, काडेपेटीत ठेवलेली. मी विचारलं की म्हणत, बघू. शेवटी वहिनी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "जेवत नाहीत नीट. तुम्हीच विचारा, मला सांगायचे नाहीत."

मी विचारलं. बराच वेळ ते स्लिपरचं रबर कातरीने उगीच कापत राहिले. मग बोलले.

"चढावर गाडी थांबली की एकानं ब्रेक दाबून बसायचं, आन् दुसऱ्यानं उतरून चाकाखाली लाकडी ठोकळे लावायचे. जो चालवत नाय त्यानं उतरायचं, हा आमचा दोघांचा कायदा. त्या दिवशी चालवत व्हता जगतार. उतरायची पाळी माझी. वर बुलडोझर लादलेला, आन् माझ्या अंगात ताप. तो म्हणला, तू बैठ ब्रेक पे, नाशिक. मला तो नाशिकच म्हणायचा. आम्ही जागा बदलली. तो या दारातून उतरला."

"आणि दरड आली."

"आली. मला आवाज आला, ताई. आन् माझा पाय ब्रेकवर. ठोकळे लागले का नाय, मला काय म्हाईत? पाय काढला असता तर सगळी गाडी मागच्या गाडीवर गेली असती, त्यात फौजेतली पोरं बसलेली. मी हाक मारत राहिलो, पण पाय नाय काढला. मागची माणसं आली, त्यांनी सांगितलं, ठोकळे लागलेत, उतर. मग उतरलो. तवर..."

त्यांनी कातर खाली ठेवली. जगतारचं सामान घेऊन तेच त्याच्या गावी गेले होते. त्याच्या आईसमोर दोन तास बसले, लस्सी प्यायले, आणि पाळी आपली होती हे न सांगता परत आले. वहिनींनाही कधी सांगितलं नव्हतं.

"आता त्याची पोरगी येणार हाय गाडी न्यायला. सांगू का?"

मी फार विचार न करता म्हणाले, "नका सांगू. इतक्या वर्षांनी तिला त्रास, तुम्हालाही त्रास. गाडी द्या, तिला आनंद होईल." त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पायरी लागलेली होती.

जानेवारीत हरप्रीत आणि तिचा नवरा नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला निघाले होते. ते मनमाडला उतरून गाडी करून नाशिकला आले. उंच बाई, केसांत थोडी पांढरी बट, हातात मिठाईचा डबा. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी दिवाणावरच्या गाडीची चादर काढली. हरप्रीत गुडघ्यांवर बसली आणि नखाने ते डावं दार उघडलं. आत केशरी उशी होती.

"दादीची," ती हिंदीत म्हणाली. "अशीच एक घरी आहे अजून."

मग तिने विचारलं, जमिनीपासून पायरी केवढी उंच होती. भाऊंनी स्वतःच्या मांडीवर हात ठेवून दाखवला. ती उभी राहिली, त्या उंचीवर तिने आपला हात धरला आणि जणू तिथे कोणी चढतंय तसं वर पाहिलं. मला वाटलं, झालं, सगळं नीट पार पडलं.

आणि भाऊ बोलायला लागले. फौजेतल्या मोडक्यातोडक्या हिंदीत, हात मागे बांधून, साहेबांपुढे उभं राहावं तसे उभे राहून. पाळी माझी होती, बेटा. ताप मला होता. ब्रेकवर पाय माझा होता. एकही गोष्ट गाळली नाही. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. मी जमिनीकडे बघत होते.

हरप्रीतने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "उस दिन सुबह उन्होंने कुछ खाया था?"

भाऊ गोंधळले. मग म्हणाले, "हां. चार पराठे. दो उसके, दो मेरे. मेरे को बुखार था ना."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. तिचा नवरा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. डोळे पुसून ती म्हणाली, "आमच्या घरात सगळे म्हणतात, त्यांना कुणीतरी हुकूम देऊन खाली उतरवलं. दादी मरेपर्यंत त्या हुकूम देणाऱ्याला शिव्या देत होती. म्हणजे ते स्वतःहून उतरले?"

"स्वतःहून. मी नको म्हणालो होतो."

"बस्स," ती म्हणाली. "हे कुणीच सांगितलं नव्हतं."

ट्रक आणि ट्रेलर वेगळे करून, वहिनींच्या गोधडीत गुंडाळून दिले. ट्रेलर नवऱ्याने घेतला, ट्रक हरप्रीतने मांडीवर. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी भाऊ फाटकाशी उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला वहिनी माझ्याकडे आल्या. चेहऱ्यावर काळजी. "ताई, ते अजून झोपलेत. लग्न झाल्यापासून सहाच्या पुढं झोपलेलं मी बघितलं नाही यांना. उठवू का?" मी त्यांच्याबरोबर गेले. भाऊ भिंतीकडे तोंड करून, तोंड किंचित उघडं ठेवून, गाढ झोपले होते. श्वास संथ. आम्ही पंखा थोडा कमी केला आणि बाहेर येऊन चहा केला. ते साडेदहाला उठले आणि भूक लागली म्हणाले.

त्यानंतर ते सव्वा वर्ष होते. आणखी दोन गाड्या केल्या, एक पाण्याचा टँकर आणि एक क्रेन. मग हृदयाने दगा दिला. शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा मनात साचलेलं एकदाचं बोलून टाकलं. म्हटलं, "भाऊ, मी तुम्हाला चुकीचा सल्ला दिला होता. बरं झालं, तुम्ही ऐकला नाहीत."

ते उशीवर मान वळवून माझ्याकडे बघत राहिले. आवाज अगदी बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"चुकीचा नव्हता, ताई. तुम्ही माझा विचार केला. मला तिचा करायचा व्हता."