अध्यक्षांच्या सहीचे दोन कोरे कागद

सोसायटीच्या ऑफिसात अकरा वर्षं पावत्या फाडणाऱ्या बाईंना सगळे पावतीबाईच म्हणायचे. ऑफिस कसलं, जिन्याखालची खोली! नवरा गेल्यावर अध्यक्षांनीच त्यांना तिथे चिकटवलं होतं, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं औषधपाणी त्याच पगारावर चालायचं. त्यामुळे अध्यक्षांपुढे बाईंच्या तोंडून कधी 'नाही' निघालं नव्हतं.

पण चौदा महिने एक गोष्ट त्यांना आतून खात होती. अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार या त्रिकुटाने मेंटेनन्सचा छदामही भरला नव्हता. "आम्ही फुकट राबतो, मग एवढं चालायचंच," म्हणत ते भरल्याच्या पावत्या मागून घ्यायचे. पावतीबाई खाली मान घालून द्यायच्या आणि घरी गेल्यावर स्वतःवरच चिडायच्या.

आज दहा तारीख. दर दहाला लिफ्टजवळ थकबाकीदारांची यादी लागायची. लागोपाठ तिसऱ्यांदा नाव आलं की प्लंबर येऊन पाणी तोडायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या मावशींचं नाव दोनदा येऊन गेलं होतं.

"मावशींचं नाव टाका," अध्यक्ष फोनवर म्हणाले. "प्लंबरला अकरा वाजता बोलावलंय."

"साहेब, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. मशीन बंद आहे. एक महिना थांबू या ना."

"नियम सगळ्यांना सारखा, बाई."

सारखा! पावतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अध्यक्षांना एक खोड होती. रोज कोण सह्या करत बसणार, म्हणून ते लेटरहेडच्या कोऱ्या कागदांवर आधीच सह्या ठोकून ठेवायचे. वर काय लिहिलं ते कधी वाचायचेही नाहीत. ड्रॉवरमध्ये तसे दोन कागद उरले होते. बाईंनी त्यातला एक ओढला. पहिलं नाव अध्यक्षांचं, चौदा महिने. मग सेक्रेटरी, मग खजिनदार. चौथ्या मावशी, तीन महिने. कडेला त्यांनी लिहिलं, 'वरच्या तिघांना मी पैसे न घेता पावत्या दिल्या,' खाली स्वतःची सही केली आणि यादी लिफ्टजवळ नेऊन लावली.

अकरा वाजता लिफ्टजवळ ही गर्दी! अध्यक्ष लिफ्टमधून उतरले आणि यादी वाचून पांढरेफटक पडले.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. सही तुमची आहे."

हातात पाना घेतलेल्या प्लंबरने डोकं खाजवलं. "साहेब, मी आपला यादीप्रमाणे जातो. वरून सुरू करू ना?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांनी कागद फाडायला हात उचलला, पण चार-पाच जण मोबाईलवर यादीचे फोटो काढत होते. हात मुकाट्याने खाली आला.

"आज कुणाचंच पाणी तोडायचं नाही," ते प्लंबरला म्हणाले. मग दात आवळून बाईंकडे वळले. "उद्यापासून येऊ नका."

हे होणार, हे बाईंना ठाऊक होतं. तरी सासूबाईंच्या औषधाच्या बाटल्या डोळ्यांपुढे आल्या. त्या खोलीत गेल्या, किल्ल्या आणि ड्रॉवरमधला उरलेला कागद घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर दोन्ही अध्यक्षांच्या हातात ठेवलं.

"तुमच्या सहीचा हा शेवटचा कागद, साहेब. मला काढल्याचं यावरच लिहा. कारण मात्र खरं लिहा."