सगळ्यात खाली भाषा नसते

अमरावतीच्या एका छोट्या कंपनीत मी डीबगरवर काम करत होते. चालता प्रोग्राम मधेच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारं हे सॉफ्टवेअर. प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेचे नियम वेगळे, पण आमच्याकडे सगळे एकाच फाइलमध्ये कालवलेले. ते निवडून ज्या त्या भाषेच्या फाइलमध्ये टाकायचं काम माझ्याकडे आलं.

त्या गुंत्यात रोमन अक्षरांत एक वऱ्हाडी टीप सापडली. ‘याले हात नको लावू. काहून, ते मले विचार.’

मी हात लावला. तेव्हापासून डीबगर प्रोग्राम थांबवायचा आणि मग स्वतःच गोठायचा. एरर नाही, काही नाही. तीन दिवस.

टीप लिहिणारा नोकरी सोडून अकोटला घरी गेला होता. मेंदूला झटका आला होता म्हणे. “बोलतो, पण...” एवढं म्हणून आमच्या साहेबांनी त्याचा पत्ता लिहून दिला.

मी अकोटला निघाले. कापसाचा हंगाम होता, तरी एसटीतून दिसणाऱ्या, सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आवारात गवत वाढलेलं. दुपारी त्याच्या अम्मींनी दार उघडलं.

“बेटा, ऑफिस से आए हैं।”

खाटेवर बसलेल्या त्याने मानही वळवली नाही.

मी म्हटलं, “दादा, तुमच्या कोडचं विचाराले आली.”

तो लगेच हसला. “या ना, बसा.”

“झटक्यात उर्दू गेली त्याची,” अम्मी हळूच, तुटक मराठीत म्हणाल्या. “घरची भाषा होती.”

मी छापून आणलेला कागद पुढे केला. तो ओळीवरून बोट फिरवत गेला.

“एका फंक्शनच्या खाली दुसरं असते. तू पार खालपर्यंत गेली का? सगळ्यात खाली भाषाच नसते, नुसता मशीनचा कोड. तिथं ‘कोणती भाषा?’ असं विचारलं का, डीबगर उत्तराची वाट पाहत बसते.”

हे तो इतक्या सहज म्हणाला, की मला अम्मींकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी भाषा नसलेल्यांसाठी वेगळी फाइल केली आणि डीबगर चालू लागला. पण ते नंतरचं.

मी उठले तेव्हा अम्मी चहा घेऊन आल्या. “बेटा, चाय?”

तो भिंतीकडे बघत राहिला. मग त्यांनी अडखळत विचारलं, “चहा घेतं का रे?”

आता तो वळला. अनोळखी बाईशी बोलावं तसा, अदबीने.

“नाही बाई, घरी जाऊनच घेतो. माय वाट पाहून राहिली.”

अम्मींनी तो कप माझ्या हातात दिला. मी उभ्यानेच प्यायले.