माय जिथे हसायची

सटाण्याकडच्या आमच्या घरात सगळे अहिराणीच बोलायचे. कॉलेजसाठी नाशिकला आले तेव्हा माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' निघालं की हॉस्टेलच्या मुली खो खो हसायच्या. मग मी प्रमाण मराठी अशी घोटली की पुढे त्याच मराठीवर पोट भरलं. गंगापूर रोडच्या एका ऑफिसात जाहिराती लिहायच्या आणि सकाळी उठून कथा. कथा साभार परत यायच्या.

त्यातली एक कथा मायची होती. लग्नानंतर महिनाभरातच ती सासरहून पळाली आणि भर उन्हात शेतं तुडवत माहेरी पोचली. तिच्या बापाने काही विचारलं नाही. "खाई ले आन् चाल," एवढंच म्हणाला. तिला जेवू घातलं आणि संध्याकाळी परत सासरी सोडायला निघाला. वाटेत त्याच्या पायात काटा मोडला. तिने तो काढला आणि दोघं हसत सुटले. माय हे सांगायची तेव्हा काट्याशी आली की तिलाही हसू आवरायचं नाही. मी लिहिलं तेव्हा मात्र ती मुलगी रडत होती.

पंचवटीत एक वयस्कर संपादक दिवाळी अंक काढायचे. त्यांनी ती कथा माझ्यासमोरच वाचली.

"भाषा छान आहे हो ताई," ते म्हणाले, "पण हे कोणीही लिहिलं असतं. यात तुम्ही कुठे आहात?"

रिक्षात बसल्यावर मला रडू फुटलं. ते खरं बोलत होते. काट्याशी ती दोघं का हसली, हे मला कधी कळलंच नव्हतं. आता गावी जायचं, मायला पुन्हा सगळं सांगायला लावायचं आणि तिच्याच बोलीत लिहायचं, असं मी ठरवलं.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. मायला अर्धांगवायू झाला होता. नाशिकच्या दवाखान्यात आणलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला, 'तठे'. म्हणजे तिथे. पाणी हवं, तठे. दुखतंय, तठे. मला हाक मारायची तरी तठे.

तिला माझ्याकडेच ठेवून घेतलं. तिच्या उशाशी बसून मी ती कथा आठवेल तशी अहिराणीत लिहून काढली. या वेळी मुलगी हसली. लिहिताना हात थांबत नव्हता. असं मला आधी कधी झालं नव्हतं. मग एका दुपारी तिला वाचून दाखवली.

काट्यापर्यंत ती शांत होती. तिथे मात्र तिने डावा हात उचलला आणि जोरजोरात मान हलवली.

"तठे! तठे!"

"काय चुकनं, माय? काटा नव्हता का? आजोबा काही बोलले होते?"

तिचे ओठ हलले, घसा ताणला, डोळ्यांतून पाणी आलं. मी एकेक वाक्य पुन्हा वाचलं, एकेक गोष्ट विचारली. शेवटी तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढे कित्येक दिवस मी विचारत राहिले. मग तिने हात उचलणंही सोडलं.

कथा तशीच पाठवली. संपादकांचा फोन आला. "आता सापडलात तुम्ही! दुसरीही लिहा." अंक आला, लोकांनी कौतुक केलं. 'अस्सल' हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की नंतर नंतर फोन घेईनाशी झाले. त्या पानावर काहीतरी खोटं आहे, हे फक्त दोघींना माहीत होतं. काय खोटं आहे, ते एकीलाच.

अंक मी तिला दाखवला नाही. दुसरी कथा सुरू केली, चार ओळींवर थांबले. आत माय खोकत होती. उठून तिला कुशीवर वळवलं.