चहाच्या रंगाची पुली

लेथवर नायलॉन कातायचं म्हणजे डोक्याला ताप. पितळेचा कसा भुगा पडतो. नायलॉनचा कीस तुटेल तर शपथ. पांढऱ्या शेवया निघत राहतात आणि मशीनला गुंडाळून बसतात. थांबा, सोडवा, परत चालू करा. त्यात माझ्या थोरल्या भावाला दम म्हणून नाही.

सेलूत आमचं दोघा भावांचं एका लेथचं वर्कशॉप होतं. त्या साली कुणी कुत्रं फिरकत नव्हतं. मशीन विकायचंच तेवढं बाकी होतं. नामांतराच्या आंदोलनात एस.टी. बंद पडल्या, परभणीला जायची सोय राहिली नाही, तेव्हा कुठं कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचे शेटजी आमच्या दारात आले. त्यांच्या मशीनची पट्टा फिरवणारी पुली फुटली होती.

"सकाळी जीन चालू झालं तर सीझनभराचं काम तुमालाच," म्हणाले.

मी नायलॉनच्या ठोकळ्यातून पुली कातली, भोक पाडलं. दादानं गरम पुलीलाच माप लावलं.

"दादा, गार होऊ दे की. गार झाल्यावर आवळतंय ते."

"मला शिकवू नको. लय बगितलंय असलं."

जन्मभर लोखंड कातलेल्या माणसाला कोण सांगणार? संतापानं माझं डोकं फिरलं, पण थोरला भाऊ.

सकाळी जिनिंगमध्ये पुली मशीनच्या दांड्यावर, शाफ्टवर जाईना. दादानं हातोडा घेतला. ती दबायची, पण सरकायची नाही. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली.

"काय करायलाव तुमी?" शेटजी ओरडले.

पुली तापवली की भोक फुगेल, हे मला ठाऊक होतं. पण कापसाजवळ जाळ कोण करू देणार? "उकळतं पाणी पायजे," एवढं मी म्हणालो, तोच दादा फाटकाबाहेरच्या हॉटेलात गेला आणि चहाच्या पातेल्यात पुली टाकली. दूध पडायचं होतं अजून. हॉटेलवाल्यानं आमच्या सात पिढ्या काढल्या.

पुली तपकिरी होऊन निघाली. शाफ्टवर सर्रकन गेली, गार होऊन घट्ट बसली. जीन चालू झालं आणि माझा जीव भांड्यात पडला.

महिन्याभरानं शेटजींचा निरोप आला. "आणखी पुल्या करा. पांढऱ्या नकोत, कच्च्या असतात. चहावाल्या द्या."

रंगाचा आणि ताकदीचा काही संबंध नाही, हे मी त्यांना समजावायला निघालो. दादानं दंडाला धरून बसवलं. "गप बस. काम पायजे का न्हाई?"

झालं. सीझनभर लेथशेजारी स्टोव्हवर चहा उकळत राहिला. मी प्रत्येक पुली रात्रभर गार करायचो, सकाळी माप घ्यायचो, केसभर कातायचो, आणि मग निमूटपणे चहात बुडवायचो. दादा गिऱ्हाइकांना डोळे मिचकावून सांगायचा, "सगळी चहाची कमाल हाय."

मशीन वाचलं. मापाचं मात्र कुणी एका शब्दानं विचारलं नाही. अजूनही सेलूत जुनं कुणी भेटलं की जवळ येऊन हळूच विचारतं, "आता तरी सांगा, पत्ती कोणती घालत होता?"